सुई कुणाला टोचते?

मागच्या पावसाळ्यात माझ्या आईला सुई टोचली. शिवणाची नव्हे. पेशंटच्या दंडातनं निघालेली, रक्ताची सुई. ती पिवळ्या पिशवीत होती. पिवळ्या पिशवीत सुई टाकायची नसते. सुईसाठी पांढरा, आरपार न टोचणारा डबा असतो. हे आईला माहीत आहे, कारण ती ज्या इस्पितळात काम करते तिथं भिंतीवर तक्ता लावलाय. तक्ता इंग्रजीत आहे, पण रंग काही इंग्रजीत नसतात. कुणीतरी घाईत चुकीच्या पिशवीत सुई टाकली आणि आईने नेहमीसारखी पिशवीला गाठ मारली.

आई तिथं कंत्राटावर मावशी आहे. सगळा वॉर्ड तिला मावशी म्हणतो. डॉक्टर म्हणतात, सिस्टर म्हणतात, पेशंटची बायको म्हणते. मावशी पाणी द्या, मावशी भांडं द्या, मावशी बॉडी खाली न्यायचीय. एवढं गणगोत माझ्या आईला जन्मात कधी मिळालं नव्हतं. पण सुई टोचली त्या दिवशी या गणगोतातला एकही जण नोंदवहीपाशी गेला नाही. सुपरवायझर बोलला, "मावशी, वर कळवू नका. ठेकेदाराचं नाव खराब होतं, मग तो माणसं बदलतो. डेटॉल लावा." आईने डेटॉल लावलं. उरलेला वॉर्ड पुसला. पाळी संपवून घरी आली, भाकऱ्या थापल्या. मला सांगितलं ते चौथ्या दिवशी.

चौथ्या दिवशी. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे त्याचा हिशेब आहे.

त्याच महिन्यात इस्पितळात 'कर्मचारी स्वास्थ्य सप्ताह' झाला. बाहेरून एक बाई आल्या. श्वास कसा घ्यावा ते शिकवलं, मोकळं कसं हसावं ते शिकवलं, ताण कसा घालवावा याची पडद्यावर चित्रं दाखवली. आईने आणि तिच्याबरोबरच्या चार बायकांनी सतरंज्या घातल्या, खुर्च्या मांडल्या, नंतर चहाचे कागदी कप गोळा केले. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. यादीत नाव नव्हतं. यादी कर्मचाऱ्यांची होती, आणि आई कर्मचारी नाही. आई ठेकेदाराची आहे.

दोस्तहो, मी श्वास घेण्याच्या विरोधात नाही. हसण्याच्या तर नाहीच. सिस्टरचा ताण खोटा आहे असंही मी म्हणत नाही. शिकवणाऱ्या इस्पितळात तीन पेशंटांमागे एक नर्स पाहिजे, हे इंडियन नर्सिंग कौन्सिलचं माप आहे. रात्री कुठल्याही सार्वजनिक इस्पितळाच्या जनरल वॉर्डात जा आणि खाटा मोजा, जमिनीवरच्या गाद्या मोजा, मग सिस्टर मोजा. निवासी डॉक्टरांना सलग बारा तासांहून जास्त राबवू नये, असं केंद्र सरकारने १९९२ सालीच लिहून दिलं. छत्तीस तासांची ड्यूटी म्हणजे काय ते कुठल्याही निवासी डॉक्टर पोराला विचारा. त्याच्या डोळ्यांकडे बघून कळेल. पण हा ताण श्वासाने जायचा नाही. तो हजेरीपटावर लिहिलेला आहे. माणसं भरा, म्हणजे जाईल. माणसं भरायला पैसे लागतात, सतरंज्या घालायला लागत नाहीत. म्हणून सतरंज्या घातल्या जातात.

आता हिशेब.

हेपॅटायटिस बीची लस न घेतलेल्या माणसाला तो आजार असलेल्या पेशंटची सुई टोचली, तर शंभरात तीसपर्यंत माणसांना लागण होऊ शकते. हेपॅटायटिस सीची लागण शंभरात दोनच्या आसपास. एचआयव्हीची हजारात तीन. म्हणजे ज्या रोगाच्या नावाने सगळे टरकतात त्याचा धोका कमी, आणि ज्याचं नाव मावशीला कुणी सांगितलेलं नसतं त्याचा सगळ्यात जास्त. आणि गंमत बघा, याच रोगावर लस आहे. तीन डोस. पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. एचआयव्हीसाठी लस नाही, पण सुई टोचल्यावर लगेच, जमलं तर दोन तासांत, औषध चालू केलं आणि २८ दिवस घेतलं तर लागण टाळता येते. ७२ तास उलटून गेले की त्या औषधाचा उपयोग उरत नाही.

७२ तास म्हणजे तीन दिवस. आईने मला चौथ्या दिवशी सांगितलं.

हे औषध आई जिथं काम करते त्याच इमारतीत आहे. दोन मजले खाली. जिन्याने उतरली असती तर पाच मिनिटं लागली असती. डेटॉलची बाटली जवळ होती म्हणून डेटॉल लावलं, असं नाही. औषधापर्यंत जायचं तर नोंद करावी लागते, नोंद केली तर ठेकेदार कळतो, ठेकेदार कळला तर काम जातं. माझी आई अडाणी नाही. तिने तीस टक्के आणि शंभर टक्के यांचं गणित केलं. रोग होण्याची शक्यता तीस, काम जाण्याची शंभर. तुम्ही-आम्ही असतो तर वेगळं काय केलं असतं?

कायदा काय म्हणतो? २०१६ सालचे जैव-वैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत. त्याआधी १९९८ सालचे होते. २०१६ चे नियम सांगतात की हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्या. प्रशिक्षण द्या. हातमोजे, बूट, मास्क द्या. कामावर घेताना तपासणी करा, मग वर्षातनं एकदा तरी करा. अपघात झाला तर नोंद करा आणि वर्षाच्या अहवालात मांडा. आणि हे सगळं आरोग्य कर्मचारी 'आणि इतर' हाताळणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे नियम लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की हाताळणारे हात कुणाचे आहेत. कंत्राटी हात सुटू नयेत म्हणून त्याने 'इतर' हा शब्द घातला. आम्ही त्या शब्दात राहतो. दहा वर्षं होत आली, तरी आईला एक डोस मिळालेला नाही.

इस्पितळ म्हणतं, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणतो, लस काय माझ्या खिशात आहे? या दोघांच्या मधल्या फटीत माझी आई उभी आहे. १९७० सालच्या कंत्राटी कामगार कायद्याने जबाबदारीचा शेवटचा खिळा मूळ मालकावर ठोकला होता. ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने द्यायचा. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडियाच्या झाडू-पोछा करणाऱ्यांच्या खटल्यात सांगितलं की जिथं कंत्राट पद्धत बंद होईल तिथला कामगार आपोआप मूळ मालकाचा होईल. पाच वर्षंही तो आनंद टिकला नाही. २००१ साली सेलच्या खटल्यात त्याच न्यायालयाने ते उलटवलं. समोर युनियन कुणाची होती? वॉटरफ्रंट वर्कर्सची. म्हणजे बंदरावरच्या माणसांची, माझ्या जातीची. जात म्हणजे इथं धंद्याची जात म्हणतोय. पण दुसरी जातही फार लांब नाही.

तर त्या दुसऱ्या जातीवर येतो.

मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात आपल्या बापजाद्यांना घेत नव्हते. कांडी भरताना धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आपल्या तोंडाचा धागा सवर्ण विणकराला चालत नसे. पगार मात्र विणखात्यात जास्त. इस्पितळात हेच उलट्या बाजूने चालतं. जिथं रक्त, गू, मूत, मढं, तिथं आपली भरती बिनबोभाट. सफाई खात्याच्या हजेरीपटावरची आडनावं वाचा, मग डॉक्टरांच्या पाटीवरची वाचा. बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिलं होतं की जात नुसती कामं वाटत नाही, कामकऱ्यांनाच एकमेकांपासून तोडते. इस्पितळाचा जिना चढा, प्रत्येक मजल्यावर हे दिसतं. डॉक्टरांची खोली वेगळी, सिस्टरांची वेगळी, आणि मावशी डबा खाते लिफ्टमागे, घाणेरड्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसून.

आणि आपला माणूस जिना चढून वर गेला, तर सुटला का? डॉ. पायल तडवी वर गेली होती. आदिवासी तडवी भिल्ल घरातली मुलगी, नायर इस्पितळात स्त्रीरोगाची पदव्युत्तर विद्यार्थिनी. २२ मे २०१९ रोजी तिने जीव दिला. तिच्या तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर जातिवाचक छळाचा आणि आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल झाला. त्याच साली तिची आई, रोहित वेमुलाच्या आईला बरोबर घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली. या देशात दोन आयांनी एकत्र येऊन अशी मागणी करावी लागते की आमच्यामागून शिकायला येणाऱ्या पोरांना जिवंत ठेवा. पायलला श्वासाचा व्यायाम कमी पडला होता काय?

आता एक अवघड गोष्ट. तीही सांगितलीच पाहिजे.

२७ नोव्हेंबर १९७३. के.ई.एम. इस्पितळातली नर्स अरुणा शानबाग पाळी संपवून तळघरात कपडे बदलायला गेली. तिथं तिच्यावर हल्ला झाला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. मेंदूला रक्त मिळालं नाही. त्यानंतर ती ४२ वर्षं त्याच इस्पितळाच्या खाटेवर होती. १८ मे २०१५ रोजी गेली. इतकी वर्षं तिला सांभाळलं ते तिथल्या सिस्टरांनी आणि मावश्यांनी, पिढ्यानपिढ्या. हल्ला करणारा तिथलाच सफाई कामगार होता. हे मी गिळून टाकणार नाही. बाईवर हात टाकणाऱ्याला जातीचं पांघरूण मिळता कामा नये. आपण ते घातलं तर आपल्यात आणि गावच्या पाटलात फरक काय राहिला? त्याच्यावर बलात्काराचा गुन्हा लागलाच नाही. चोरी आणि खुनाचा प्रयत्न, सात वर्षं, संपलं. पण तेव्हा मुंबईतल्या नर्सेसनी संप केला तो शहाणपणाचा होता. एक माणूस राक्षस होता म्हणून थांबू नका, बाईला कपडे बदलायला जागा का नव्हती, हे त्यातून विचारायचं होतं. आजही हाच सवाल आहे. माझी आई आज कपडे कुठं बदलते ते मी इथं लिहीत नाही. तिला लाज वाटेल. खरं म्हणजे लाज दुसऱ्याच कुणाला वाटायला हवी.

९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या सरकारी इस्पितळात एका शिकाऊ डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. देश रस्त्यावर आला, यायलाच हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमलं. त्यात नामवंत डॉक्टर होते, सरकारी अधिकारी होते. मावशी नव्हती. वॉर्डबॉय नव्हता. रात्री दोन वाजता मढं घेऊन शवागाराच्या अंधाऱ्या वाटेने जाणाऱ्या बाईला तिथं काय होतं, हे त्या टेबलावर कोण सांगणार होतं?

सरकारला हे कळत नाही असं नाही. एकदा कळलं होतं. २२ मार्च २०२० ला थाळ्या वाजल्या, आणि त्याच आठवड्यात पन्नास लाखांचा विमा जाहीर झाला. त्यात डॉक्टर, नर्स होतेच, पण वॉर्डबॉय होता, सफाई कामगार होता, कंत्राटी माणूससुद्धा होता. म्हणजे मेला तर तो आरोग्य कर्मचारी. जिवंत असेपर्यंत ठेकेदाराचा.

मग करायचं काय?

पहिलं, आपल्यापासून. आपल्या वस्तीतला माणूस इस्पितळात दगावला की आपण जमाव घेऊन जातो. पहिली थोबाडीत कुणाला बसते? डीनला? डीन आत असतो. थोबाडीत बसते ती दारातल्या वॉर्डबॉयला, शिव्या बसतात मावशीला. खाट नाही, औषध बाहेरून आणा, हे धोरण त्या वॉर्डबॉयने ठरवलेलं नसतं. तो आपल्याच गल्लीतला असतो. आपलाच हात आपल्याच गालावर. हे ज्या दिवशी बंद होईल त्या दिवसापासून वॉर्डबॉय आपल्या मोर्च्यात येईल.

दुसरं, झाडूच्या वारशाबद्दल. सत्तरच्या दशकात लाड आणि पागे समित्यांनी शिफारशी केल्या. त्यातून सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. २०२३ साली सरकारने त्याचा नवा निर्णय काढला. अनेक घरांची चूल त्यावर पेटली आहे, त्या चुलीवर मी पाणी ओतणार नाही. पण मित्रांनो, जी व्यवस्था आपल्याला जमीन वारशात देत नाही, कारखाना देत नाही, ती झाडू एवढ्या प्रेमाने वारशात का देते, याचा विचार करा. कायम नोकरी हक्काने पाहिजे. तिच्यासोबत झाडूच पाहिजे अशी सक्ती नको. पोरगा बारावी झाला तर त्याला लॅबमध्ये घ्या, एक्स-रेमध्ये घ्या.

तिसरं, आणि माझं मुख्य म्हणणं. मी गोदीत काम करतो म्हणून मला हे सुचतं. एके काळी मुंबईच्या धक्क्यावर रोज सकाळी माणसं गेटावर उभी राहायची. टोळीवाला बोट दाखवेल त्याला काम, बाकीचे घरी. १९४८ साली गोदी कामगारांसाठी कायदा झाला. त्यातून डॉक लेबर बोर्ड बसलं. माणसांची नोंदणी झाली, पाळीने काम मिळू लागलं, काम नसेल त्या दिवशी हजेरीचे पैसे मिळू लागले. टोळीवाल्याचं बोट मोडलं. नव्वदीत ते बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विरलं, आणि आज माझ्यासारखी पोरं पुन्हा ठेकेदाराच्या हाताखाली आहेत, हेही सांगतो. म्हणजे बोर्ड मिळवावं लागतं आणि राखावंही लागतं. पण मार्ग खरा होता. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडींचा कायदा झाला तो याच वाटेने. मजुरी मालकाने मंडळात भरायची, वर लेव्ही भरायची, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी. १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी तसाच कायदा झाला. म्हणजे बघा, इस्पितळाच्या गेटावर उभ्या असलेल्या गार्डासाठी कायद्यात मंडळ आहे. आत रक्त पुसणाऱ्या बाईसाठी नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. ती अशी मांडतो:

१. महाराष्ट्रातल्या इस्पितळांतल्या सगळ्या कंत्राटी मावश्या, वॉर्डबॉय, सफाई कामगारांची नोंदणी करणारं कायदेशीर मंडळ हवं. ठेकेदार बदलला तरी माणूस बदलणार नाही.

२. पहिल्या पाळीच्या आधी लसीचा पहिला डोस. लसीचं कार्ड कामगाराच्या हातात, ठेकेदाराच्या कपाटात नाही.

३. सुई टोचली की दोन तासांत औषध, रात्रपाळीलासुद्धा. नोंद करणाऱ्याचं काम गेलं तर ती नोंद दडपणाऱ्यावर खटला.

४. प्रत्येक मजल्यावर कपडे बदलायला कडीची खोली, संडास, डबा खायला जागा. डॉक्टर, सिस्टर, मावशी सगळ्यांना एकच जागा मिळाली तर आणखी बरं.

आणि चौथं काम छावण्यांचं. प्रत्येक छावणीने आपल्या भागातलं एक इस्पितळ धरावं. २००५ सालचा माहिती अधिकार आहे, दहा रुपयांत अर्ज होतो. तीनच सवाल विचारा. तुमच्याकडे कंत्राटी सफाईची माणसं किती? त्यांतल्या किती जणांना हेपॅटायटिस बीचे तीन डोस दिले? वर्षभरात सुई टोचल्याच्या किती नोंदी झाल्या? तिसऱ्याचं उत्तर शून्य आलं तर समजा की तिथं सुया टोचतात आणि डेटॉल लावलं जातं. ते उत्तर मोठ्या अक्षरांत लिहून इस्पितळासमोरच्या भिंतीवर चिकटवा.

हे होत नाही असं कुणी म्हणू नये. २०१७ साली कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबई महापालिकेच्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करायला लावलं. ती माणसं वर्षानुवर्षं लढली, काही निकाल यायच्या आधीच गेली, पण जिंकली. गोवंडीच्या माणसांनी इस्पितळांचा कचरा जाळणाऱ्या भट्टीविरुद्ध कोर्टात जाऊन २०२३ साली ती हलवण्याचा आदेश आणला. आई वॉर्डात जी पिशवी बांधायची, तिचाच धूर त्या वस्तीतल्या पोरांच्या छातीत जात होता. पिशवी बांधणारे आपण आणि धूर खाणारेही आपणच.

१९३८ साली मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांसमोर बाबासाहेबांनी दोन शत्रू दाखवले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ते शत्रू बघायला आता मनमाडला जायला नको. कुठल्याही इस्पितळाच्या वॉर्डात उभे राहा. आडनावाने काम ठरवणारा एक, आणि ठेक्याने माणूस विकत घेणारा दुसरा. एकाच पिशवीला दोघं मिळून गाठ मारतात.

आईची तपासणी आम्ही बाहेर, पदरचे पैसे घालून केली. तीन महिन्यांचा रिपोर्ट साफ आला. सहा महिन्यांचा यायचाय. तोवर घरात कुणी त्या विषयावर बोलत नाही. ती कपाळाला हात लावून बसली की मी विचारतो, ताप आहे का? ती म्हणते, "काय न्हाई रं, दमले."

हे लिहिलंय म्हटल्यावर ती एवढंच बोलली, "माझं नाव घालू नको. इस्पितळाचं तर अजिबात नको." म्हणून नाव घातलेलं नाही. मंडळ होईल, तिचं नाव नोंदवहीत चढेल, त्या दिवशी याच पानावर आईचं नाव पूर्ण छापू. तोवर कामाला लागा.

जय भीम.